मध्यंतरानंतरचा सामना

सर, त्या सामन्याचा निकाल तुम्हाला सांगायचा राहिला आहे. तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, पण फोनवरचा तुमचा शेवटचा प्रश्न माझ्या कानात तसाच आहे: "पुढं?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो विद्यापीठातल्या पहिल्या प्रात्यक्षिकाला. घरात तीन पिढ्यांची भिक्षुकी, पदवी संस्कृतची, आणि पत्रकारितेच्या वर्गात तुम्ही माझ्या माथी मारलात तो विषय खेळांचा. आम्हाला मैदानावर सोडून तुम्ही विभागातल्या फोनपाशी कागद घेऊन बसायचात. आम्ही सामना बघायचा, क्रांती चौकातल्या फोनबूथवर जायचं आणि बातमी तोंडी सांगायची. तुम्ही ती लिहून घेणार. ते दुष्काळाचं वर्ष होतं, सामना मुलींच्या खो-खोचा. मी रुपया टाकते आणि सुरू करते, "तृषार्त वसुंधरेवर विद्युल्लतेसारखी तळपत..."

"थांबा पंडितबाई. ही विद्युल्लता कोणत्या कॉलेजची? पाठीवर नंबर काय तिच्या?"

"सर, ती उपमा आहे."

"व्हय का? मग तिला बाहेर बसवा, खेळणारीचं नाव सांगा. आन् वसुंधरा तृषार्त म्हणजे नेमकं काय झालं?"

"मैदानावर पाणी मारलं नव्हतं."

"मग तेच सांगा की. त्यानं कुणाचं काय झालं?"

ते मी पाहिलंच नव्हतं. मैदानावर परत गेले तेव्हा हरलेल्या मुली फुटलेले गुडघे सदऱ्याच्या टोकानं पुसत बसल्या होत्या, कारण नळ कोरडा होता. पुन्हा बूथ गाठला, तेवढंच सांगितलं. पलीकडं तुम्ही लिहून घेत होतात. मग म्हणालात, "पुढं?" तुमच्याकडून मिळालेली ती पहिली शाबासकी. दुसरी मिळाली नाही, हेही नोंदवून ठेवते.

त्या बूथच्या जागी आता मोबाइलची कव्हरं लटकतात. वाळूजकडं जाताना जिथं आपण शेतं बघायचो तिथं इमारती आहेत, आणि त्यांच्या फाटकांवरची नावं माझ्यापेक्षाही जास्त संस्कृत आहेत. तुम्ही प्रत्येकीला नंबर विचारला असता. मी वार्ताहर झाले, विशेषणं झडत गेली, आणि तुम्ही महिन्या-दोन महिन्यांनी फोन करत राहिलात. "काय म्हणतात विद्युल्लताबाई?" एवढ्या वर्षांत तुम्हाला दुसरा विनोद सुचला नाही, आणि मलाही तो जुना झालेला वाटला नाही.

मग पुन्हा दुष्काळ आला आणि त्याच उन्हात तुम्ही दवाखान्यात. पैठणजवळच्या तुमच्या गावच्या शाळेच्या पोरी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचल्या होत्या. धरण उशाला आणि गावात टँकर, अशा गावच्या पोरी. त्याच शाळेत तुम्हीही खो-खो खेळलेले. तुम्ही म्हणालात, "छापलेलं वाचून दाखवू नको. मैदानावरून सांग." आयुष्यभर मला अहोजाहो करून चिडवलंत, त्या दिवशी 'तू' म्हणालात, आणि मला एकदम भीती वाटली.

मी चुन्याच्या रेषेशी बसून मोबाइलवर सांगत होते.

"एका गुणानं मागं आहेत, सर."

"मैदान?"

"कोरडं. पाणी मारलेलं नाही."

"गुडघे?"

"दोघींचे फुटलेत. खेळतायत."

तुम्ही हसलात की खोकलात, कळलं नाही. मग हळूच, "पुढं?"

"पुढं मध्यंतर, सर. पोरी पाणी पितायत. सुरू झालं की लावते."

शिट्टी व्हायच्या आत तुमच्याच नंबरवरून फोन आला. काकू होत्या. "त्यांना आत नेलंय गं. तू ये." मी मागं वळून पाहिलं तेव्हा पोरी आपापल्या चौकोनात बसत होत्या. दवाखान्यात पोचले तर काकू बाकावर, मांडीवर तुमचा चष्मा. त्यांचा चेहरा पाहून मला काही विचारावं लागलं नाही. त्यांनीच विचारलं, अगदी साध्या आवाजात, "काय झालं गं सामन्याचं? आत नेईपर्यंत विचारत होते."

मी म्हटलं, "चालू आहे अजून."

काकूंनी मान हलवली. तुमचा चष्मा पदरानं पुसला आणि घडी घालून ठेवला.

निकालाशिवाय बातमी पाठवायची नाही, हा नियम तुमचा. म्हणून हे कागद टेबलावरच राहतील. सुरुवातीला मी लिहिलं की निकाल सांगायचा राहिला आहे. तुम्ही असता तर तिथंच पकडलं असतं. बातमी दुसऱ्या कुणी तरी दिली असणार. दुसऱ्या दिवशीचा अंक मी उघडलाच नाही. तुमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक पुढं एकदा मैदानावर भेटले, त्या सामन्याचं काढू लागले, तर मी गावात पाणी येतं का, तेच विचारत बसले. सर, आपल्या पोरी जिंकल्या की हरल्या, हे मला माहीत नाही.