डाव्या कानातलं नाव

माय, काल आपल्या घरी एक मुलगी आली होती. गारखेड्याच्या ह्या घरात आता दूधवाला आणि गॅसवाला सोडले तर कुणी फिरकत नाही, त्यामुळं दाराची कडी वाजली तेव्हा मला बरंच वाटलं. दत्तक मुलं आणि त्यांची घरं ह्यावर ती संशोधन करतेय. मीही आयुष्यभर तेच केलं, म्हणून पत्ता शोधत आली. पिशवीतून तिनं माझा जुना निबंध काढला, झेरॉक्स केलेला, जागोजागी पिवळ्या रेघा ओढलेला. चहाचा घोट घेत म्हणाली, "मॅडम, ह्यातली ती बिडकीनची बाई, चार वर्षांच्या मुलीला पाळण्यात घालून बारसं करणारी, ती खरंच होती का हो?" मी म्हटलं, "होती की. ओळखीतली होती." आणि बिस्किटांची बशी तिच्याकडं सरकवली. ती गेल्यावर कपबशा विसळताना माझंच मला लागलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझे स्वतःचे गुडघे बोलायला लागले, आणि मी तुला पुन्हा ओळखीतली बाई करून टाकलं. पुन्हा म्हणते, कारण पहिल्यांदा केलं तेव्हा तू समोर बसली होतीस.

तुला हे सगळं माहीत आहे, तरी मला एकदा नीट सांगू दे. निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन नुकतीच होऊन गेलेली. माणसं इकडची तिकडं झाली होती, कोण कुठं गेलं पत्ता नव्हता. तू आणि बाबा काही कामानं बिडकीनहून औरंगाबादेत आला होतात. मोटार स्टँडवर एका भिंतीला टेकून मी बसलेली. तू सांगायचीस, नाक वाहत होतं आणि हातात अर्धी भाकरी होती, ती काही केल्या सोडत नव्हते. तू विचारलंस, "कुणाचं गं लेकरू?" तर मी म्हणाले, "अम्मी आती." अम्मी आली नाही. तुम्ही दिवसभर थांबलात, चौकीत विचारलंत, बाबा मशिदीत जाऊन विचारून आले. शेवटी तू मला कडेवर घेतलंस. पुढं कितीतरी दिवस बाबा दर बाजाराला त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे, कुणी शोधत आलं तर चुकामूक नको म्हणून. मी कुणाच्या पोटची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बोलीवरून अंदाज मात्र सगळ्या गावाला होता. "ठेवून घ्यायलीस खरी, पण कळलं तर?" असं एकीनं ओट्यावर बसून तुला विचारलं. तू म्हणालीस, "काय कळायचं राहिलंय? लेकरू हाय, दिसंना का तुला?"

आणि मग ते बारसं. शेजारच्या घरी बाळाला पाळण्यात घालत होते. बायका जमलेल्या, गाणी चाललेली, घुगऱ्यांचा वास सुटलेला. मी तुझा पदर सोडून पुढं गेले आणि बाळाला उचललेलं पाहून सरळ त्या पाळण्यात चढून बसले. खाली उतरेना. "मेरा बी करो," म्हणून भोकाड पसरलं. हे मला अंधुक आठवतं. दोरी हाताला काचली होती ते तर चांगलं आठवतं. बायका हसल्या, काही जणींनी नाकं मुरडली. तू मला उचललंस आणि म्हणालीस, "करू की. त्यात काय एवढं! तुझं बी करू." दुसऱ्याच दिवशी तोच पाळणा मागून आणलास, मूठभर हरभरे शिजवलेस, आणि माझे पाय बाहेर लोंबत असताना मला झोके दिलेस. आत्यानं उजव्या कानात 'कुर्र' करून नवं नाव सांगितलं, सगळ्यांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. तो गलका चालू असताना तू दुसऱ्या बाजूनं वाकलीस आणि माझ्या डाव्या कानात माझं आधीचं नाव म्हणालीस. पहिल्या दिवशी मीच तुला ते सांगितलं होतं म्हणे. "हे बी तुझंच हाय. ऱ्हाऊ दे," असं म्हणालीस.

दर वर्षी त्या दिवशी तू घुगऱ्या करायचीस आणि डाव्या कानाशी येऊन ते नाव एकदा म्हणायचीस. मग आपण माझ्या शाळेसाठी शहरात आलो, गुलमंडीमागं दोन खोल्या घेतल्या. तिथं मी लवकर शहाणी झाले. तुला माय म्हणायचं सोडून आई म्हणायला लागले. 'हौ' आणि 'नक्को' तोंडातून जावं म्हणून मी आरशासमोर बसून बोलायचे. एका वर्षी वर्गातल्या दोघी खेळायला आल्या होत्या आणि तू वाटी घेऊन माझ्या कानाशी वाकलीस. मी तुला कोपरानं ढकललं. "नको ना आई, काय हे खेड्यासारखं!" घुगऱ्या जमिनीवर सांडल्या. तू एकेक हरभरा वेचलास. त्या मुलींनी विचारलं, तुझी आई काय सांगत होती गं? मी म्हटलं, काही नाही, वेडी आहे ती. पुढच्या वर्षापासून तू नुसती वाटी पुढं ठेवायचीस. कानाशी आली नाहीस. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते.

आता त्या चर्चासत्राचं. मी तोवर कॉलेजात शिकवत होते, चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या वसाहतीत जाऊन दत्तक मुलांच्या आयांशी बोलत होते. परक्या बायकांच्या स्वयंपाकघरात बसून मी विचारायचे, मूल घरात आलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं? त्याची भाषा, त्याचं नाव, त्याचा देव, ह्याचं काय केलंत? त्या रडायच्या, मी पाठीवरून हात फिरवायचे. तुला एकदाही विचारलं नाही. तू मात्र हौसेनं म्हणालीस, "तुझं भाषण हाय ना? म्या येते ऐकायला." मी हो म्हटलं, कारण मला वाटलं पुस्तकी मराठी तुझ्या डोक्यावरून जाईल. केवढा माज गं माझा! ठेवणीतलं लुगडं नेसून तू कडेच्या खुर्चीवर बसलीस. मी वाचत होते: एका ग्रामीण स्त्रीनं चार वर्षांच्या मुलीला पाळण्यात घातलं, मुलीचे पाय बाहेर लोंबत होते. सभागृह हसलं. मलाही ते हसू आवडलं. मग मी आवाज खाली आणून वाचलं की मुलीचा भूतकाळ पुसून टाकण्याची ही धडपड होती, आणि त्या दिवशी त्या घरानं तिचं मूळ नाव कायमचं मिटवलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी विचारलं, ही बाई तुम्हाला प्रत्यक्ष भेटली का? मी म्हटलं, "हो, ओळखीतल्या आहेत." तुझ्याकडं पाहायची हिंमत झाली नाही, पण दिसलंच. तू मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होतीस.

पाळण्यात मी चढले होते, हे मला लिहिताना आठवत होतं. डाव्या कानाचंही आठवत होतं. पण ते घातलं असतं तर निबंध उभाच राहिला नसता. मला एक अशी आई हवी होती जिनं लेकराचं नाव पुसलं, आणि हाताशी तू होतीस. ते नाव पुसलं मी, कोपरानं ढकलून. दोष लिहिला तुझ्यावर, आणि त्यावर नाव कमावलं.

परतताना आपण रिक्षात बसलो. मग म्हणालीस, "पाळण्यात घातलं ते चुकलं व्हय गं माझं?"

"अगं, ते पुस्तकी असतं सगळं. तू मनावर नको घेऊ."

"मनावर नाय घेत. लेकराचं काय वाईट झालं आसंल तर माहीत आसावं, म्हून इचारलं."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा डावीकडून घ्या. घरी आल्यावर तू लुगडं बदललंस, भाकरी टाकल्यास, मला गरम गरम वाढलंस. त्या वर्षी घुगऱ्या केल्या नाहीस. नंतरही कधी नाही. मी विचारलं नाही, कारण का ते मला माहीत होतं. नाही गं, तुझं काही चुकलं नव्हतं, इतकं एक वाक्य त्या रिक्षात मला जड झालं, आणि पुढं इतकी वर्षं एका घरात राहून, एका ताटात जेवूनही ते माझ्या तोंडून निघालं नाही.

शेवटी तू दवाखान्यात होतीस, वाचा जवळजवळ गेलेली. त्या संध्याकाळी कॉलेजातले काही लोक भेटायला आले होते, पलंगाच्या पायथ्याशी हात बांधून उभे होते. तू हात उचललास. माझा गाल चाचपलास, मग कान धरलास आणि खाली ओढायला लागलीस, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. डावा कान. तुझे ओठ हलत होते. मी तुझी बोटं सोडवली आणि त्या लोकांकडं बघून म्हणाले, "पाणी मागतेय." चमच्यानं तुझ्या तोंडात पाणी घातलं. तू गिळलंस. दुसऱ्या दिवशी गेलीस.

ती मुलगी परवा पुन्हा येणार आहे. मी ठरवलंय, तिला सांगायचं: ती बाई माझी माय, पाळण्यात चढले ती मी, निबंधात लिहिलं ते खोटं. पोरगी हुशार आहे, ती लगेच विचारणार, मग तुमचं आधीचं नाव काय होतं? मी काल रात्रीपासून आठवून पाहतेय. ते म्हणताना तुझा श्वास कानात ऊन लागायचा, तेवढं आठवतं. नाव आठवत नाही. ते तुझ्याशिवाय कुणापाशी नव्हतं. हे पत्र कुठं टाकायचं तेही मला ठाऊक नाही, ते उशीखाली राहील.

तू पाणी मागत नव्हतीस, माय. मला तेव्हाच कळलं होतं.