शेंगदाण्यांचे सूप फ्रेडीनेच करायचे

मी, बासिलिया कोल्के, दिवंगत सेवेरो आरान्सिबिया यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा बाजारात सूप विकणे, राहणार पोतोसी, बोलिव्हिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत असे नोटरीसाहेब म्हणाले.

१. माझे दोन्ही प्रेशर कुकर नातू लिंबेर याला द्यावेत. येत्या फेब्रुवारीत तो सुक्रेला कॉलेजात जाणार आहे. बँकेतली शिल्लकही त्याचीच, मात्र तिच्यातून भाडे भरायचे ते स्टोव्ह पेटवू देणाऱ्या खोलीचेच. त्याच्या बापाने, म्हणजे माझ्या फ्रेडीने, त्याला खानावळ ठरवली आहे. ती रद्द करावी.

"आई, पोराने शिकायचं की भांडी घासायची?" असे फ्रेडी परवा म्हणाला.

"तुला तर सगळा वेळ शिकायलाच होता ना रे? मग वकील का नाही झालास?" असे मी विचारले. तो उठून अंगणात गेला.

२. कडेला पोचे आलेले अॅल्युमिनियमचे पातेले नणंद एडेलमिरा हिला द्यावे. ती सखल भागातली. आमच्या चार हजार मीटर उंचीवर उघड्या पातेल्यात काही धड शिजत नाही हे तिला शेवटपर्यंत पटले नाही, आणि तिचा कच्चा भात आम्ही मुकाट्याने चावत राहिलो. फ्रेडी वकिली शिकायला सुक्रेला निघाला तेव्हा मी त्याला कुकर लावायला शिकवत होते. "वहिनी, पोराला वकील करायचंय की आचारी?" असे हीच बाई म्हणाली. सेवेरो हसले आणि कुकर फळीवर गेला. त्या दिवसापासून माझे शिजवलेले जेवण दर आठवड्याला बसने सुक्रेला जाऊ लागले, इथल्या सगळ्या आया पाठवतात तसे.

मग आंदोलकांनी रस्ते अडवले. बस बंद, खानावळी बंद. फ्रेडीच्या खोलीत पोतेभर तांदूळ होता, वाळवलेले बटाटे होते, घरमालकिणीचा स्टोव्ह होता, आणि माझा मुलगा पलंगावर उपाशी पडून होता. शेजारच्या खोलीतली रोक्साना, उयुनी गावची मुलगी, स्वतःचे शिजवून खायची. तिनेच त्याला जेवू घातले. "तांदूळ असून उपाशी? गाढव आहेस का रे?" असे ती पहिल्यांदा त्याला म्हणाली. रस्ते उघडले तरी हा तिच्याच पातेल्यावर जेवत राहिला. परीक्षा बुडाली, लग्न झाले. ते प्रेम होते की भूक, हे मी अजून त्याला विचारलेले नाही. आज तो बस कंपनीच्या पार्सल खिडकीवर बसून दुसऱ्यांच्या मुलांचे डबे पाठवतो.

३. चांदीची टाचणी आणि लाल शाल सून रोक्साना हिला. ती दमली आहे. हे फ्रेडीला दिसत नाही, मला दिसते.

४. राहते घर फ्रेडीला, एका अटीवर. आमच्याकडे दरवर्षी एक नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता आम्ही मेलेले घरी जेवायला येतो. मी गेल्यानंतर येणाऱ्या पहिल्याच त्या दिवशी माझ्यासाठी मांडलेल्या टेबलावरचे शेंगदाण्यांचे सूप फ्रेडीने स्वतः करावे. दाणे कच्चेच वाटायचे, भाजायचे नाहीत, आणि कुकर उतरवायची घाई करायची नाही. दाणा कच्चा राहिला तर पोट धरून बसावे लागते. वरून तळलेला बटाटा. लिंबेरने शेजारी उभे राहून बघावे, पाहिजे तर मदत करावी. रोक्सानाने त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये, तिने शाल पांघरून टेबलाशी बसावे. सूप विकत आणले किंवा केलेच नाही, तर घर रोक्सानाचे.

नोटरीसाहेबांनी विचारले, "बाई, सूप बरोबर झालंय की नाही हे ठरवणार कोण?" कोणी ठरवायचे नाही. खारट झाले तरी घर त्याचेच. सगळे आयुष्य मी त्याला जेवू घातले. त्याच्या हातचा घास मला एकदाही मिळाला नाही, आणि तो मला हवा आहे. मी वेळेवर येईन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

सही: बासिलिया कोल्के
साक्षीदार: तेओदोरा किस्पे, बाजारात शेजारच्या गाळ्यावर बटाटे विकणारी
साक्षीदार: प्लासिदो उआंका, सुतार
पोतोसी, २८ सप्टेंबर २०१८