अक्काचा काढा

भिवपुरी, ५ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास धाकट्या मालोजीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र. आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली, पण यकृतावर दोन्ही बाजूंना डाग उतरलेत. डॉक्टरांनी डावीकडचे काढले आणि उजव्या भागाचं रक्त तोडलं. आता डावा भाग वाढू द्यायचा आणि सहा आठवड्यांनी उजवा कापून टाकायचा. यकृत पुन्हा वाढतं म्हणे!

तुझा काढा पोचला. डॉक्टरांनी बाहेरचं काही घेऊ नका म्हणून बजावलंय, पण ते का तुझ्यापेक्षा मोठे? रोज उपाशीपोटी घेतो. कडूजहर आहे.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा मालोजी

कळंब, ३० मार्च

चि. मालोजीस अनेक आशीर्वाद.

तुझी नम्रता येऊन गेली. तुझे डोळे पिवळे झाले, ऑपरेशन आधी लांबलं आणि आता होणारच नाही, असं तिनं कागदावर लिहून दाखवलं. का, ते विचारलं तर रडायला लागली, पुढं लिहीना.

आपल्याकडं कावीळ झाली की सगळी सोनाबाईकडंच जातात. तिच्या हातचं आजवर कुणाला बाधलं नाय, असं ती म्हणाली, म्हणून तुझ्या लिव्हरचं कळल्यावर मी तिचाच काढा आणला. त्यानंच झालं का रं? घास उतरत नाय. खोटं बोललास तर माझं मेलेलं तोंड बघशील.

वाट बघते.

अक्का

भिवपुरी, ३ एप्रिल

ती. अक्कास सा. न. वि. वि.

शपथ घातलीस म्हणून खरं सांगतो, रागावू नकोस. काढा मी प्यालोच नाही. पहिलाच घोट थुंकला आणि बाटली मोरीत ओतली. तुला वाईट वाटेल म्हणून घेतो असं लिहिलं. रोगच वाईट निघाला, त्याला कोण काय करणार? तू जेव बघू.

राग गिळ, लोभ ठेव.

तुझा लबाड मालू

भिवपुरी, ३ एप्रिल

चि. नम्रतास अनेक आशीर्वाद.

फोनवर मला हे बोलवणार नाही. काढ्यानं यकृत बिघडलं, शस्त्रक्रिया लांबली आणि तेवढ्यात डाव्या भागातही डाग आले, असं डॉक्टर म्हणाले ते आपल्या दोघांतच राहू दे. काढा मी मोरीत ओतला असं आत्याला लिहिलंय. माझ्यामागं तुला एकटीला गाठून ती पुन्हा विचारील. तूही तेच सांग.

आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि अक्का अकराची. शाळा सोडून तिनं मला वाढवलं. तिला हे कळलं तर ती जगायची नाही, बाळ.

तिनं स्वतःच्या मरणाची शपथ घातली होती, ती मी मोडली. पण आता तिच्याआधी मीच जाणार, तेव्हा शपथेला काय भ्यायचं?

तुझे बाबा