पहिला घास

मनमाड, ऑक्टोबर १९४७

चि. सौ. सिंधुस,

तुझ्या हणमंतला निजामाच्या हद्दीबाहेर पोचवते, असा शब्द मी तुला दिला होता. त्याच्यावर वॉरंट होतं, म्हणून नांदेडहून निघताना आम्ही अनोळखी होऊन समोरासमोर बसलो. गाडी दर स्टेशनला रखडत होती. एरवी मला तेच आवडतं. खिडकीतून शेतं बघावीत, भूक लागली की शिदोरी सोडावी.

सेलू गेलं आणि मी सवयीने भाकरी मोडली. घरी देते तसा पहिला तुकडा हणमंतच्याच हातावर ठेवला. दारातला शिपाई बघत होता. मग घाईने डब्यातल्या सगळ्यांना भाकरी वाटली, शिपायालाही दिली.

शिपायाने चटणीशी सगळी भाकरी खाल्ली. मग हळूच विचारलं, "अम्मा, खिलाए तो सबको. पहले उसकोच कायकू दिए?"

मी शिदोरी बांधू लागले. हणमंतच उठला. "इन बाई को मैं नै पैचानता," म्हणाला, आणि जालन्याला शिपायासोबत उतरला. गाडी सुटेपर्यंत तो फलाटावर पाठमोरा उभा होता.

मी हाक मारली नाही, सिंधु. तेव्हा मला त्याची नाही, माझीच काळजी वाटत होती.

तुझी,
अक्का