मांजराला गोळी देण्यासाठी दुसरा माणूस मिळण्याबाबत

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी,
नगरपालिका पशुचिकित्सालय,
बाह्यरुग्ण विभाग, तळमजला.

विषय : प्रतिजैविकाच्या गोळ्या संपेपर्यंत मांजर धरण्यासाठी रोज एक व्यक्ती, काही मिनिटांपुरती, उपलब्ध करून देणेबाबत.

संदर्भ : आपले 'कुत्र्या-मांजरांना डॉक्सिसायक्लिन देताना घ्यावयाची काळजी' हे सूचनापत्रक, सूचना क्र. ४.

महोदया,

मी एका दैनिकाच्या संपादकीय विभागातून निवृत्त झालो असून घरी मी आणि एक मांजर असे दोघे राहतो. मांजर माझ्या थोरल्या बहिणीचे. आम्ही दोघे भावंडे अविवाहित होतो. ती गेल्या वर्षी वारली. ती या मांजराला 'बाईसाहेब' म्हणत असे. केसपेपरवर मालक म्हणून अजून बहिणीचेच नाव आहे. ते बदलून मिळावे अशी माझी मागणी नाही.

१. गेल्या आठवड्यात मांजराला शिंका येऊ लागल्या व डोळे गळू लागले. आपण स्वतः तपासून गोळ्या दिल्या आणि शांतपणे समजावून सांगितले की, गोळी कोरडी देऊ नये, ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकून जखम करते. गोळीमागोमाग बिनसुईच्या सिरिंजने थोडे थोडे पाणी पाजावे. दुधातून देऊ नये, दुधाने औषध नीट लागू पडत नाही. आणि शिंका थांबल्या तरी आपल्याला विचारल्याशिवाय औषध बंद करू नये. हे सर्व मला मान्य आहे.

२. माझी तक्रार केवळ सूचना क्र. ४ विषयी आहे. ती अशी : 'एकाने मांजर टॉवेलमध्ये गुंडाळून धरावे व दुसऱ्याने गोळी द्यावी.' हा दुसरा कोठून आणावा, याबाबत पत्रक गप्प आहे. पूर्वी धरण्याचे काम बहिणीचे होते. धरताना ती मांजराच्या कानाशी काहीतरी पुटपुटत असे. काय, ते मी कधी विचारले नाही.

३. एकट्याने प्रयत्न केला. टॉवेल धरावा तर गोळी राहते, गोळी धरावी तर मांजर राहत नाही. पहिली गोळी पलंगाखाली मिळाली. मग गोळी दुधात कालवण्याचा मोह झाला, दूध वाटीत ओतलेही. पण आपली सूचना आठवून ते मोरीत टाकले. मांजर बराच वेळ मोरीकडे पाहत बसले होते.

४. खालच्या मजल्यावरील वहिनींना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या कुत्र्याच्या उरल्यात की याच गोळ्या! मोठ्या आहेत, पण अर्धी करा न् द्या." कुत्र्याची मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरलेली असते व उरलेले औषध दुसऱ्या जनावराला देऊ नये, हे मी त्यांना पत्रक दाखवून सांगितले. त्याऐवजी मांजर धराल का, असे विचारता, "अगं बाई, नको! मांजर म्हटलं की काटाच येतो अंगावर," असे उत्तर मिळाले.

५. दुसऱ्या दिवशी विजेचे मीटर पाहणारे गृहस्थ आले. "काका, मी रीडिंग घ्यायला आलोय, हे काय हातात देताय?" असे म्हणत त्यांनी मांजर उत्तम धरले. गोळीही गेली, पाणीही गेले. निघताना त्यांनी विचारले, "बाकीचे कामाला गेलेत वाटतं?" मी हो म्हणालो. सदर माहिती खरी नव्हती. ती येथे दुरुस्त करीत आहे.

६. मीटर महिन्यातून एकदाच पाहिले जाते. म्हणून मी पेनाच्या रिफिली मागवल्या, सगळ्या एकदम न मागवता रोज एक येईल अशा बेताने. पार्सल आणणाऱ्या बाईंनी दोनदा मांजर धरले. काल मात्र दारातूनच म्हणाल्या, "काका, सही करा आणि सोडा मला. परवाचा ओरखडा अजून चुरचुरतोय. आणि एवढ्या रिफिली घेऊन लिहिता तरी काय?" कालची गोळी त्यामुळे चुकली. आज आपल्या खिडकीवर फोन केला असता, चुकली म्हणून आज दोन देऊ नका, असे बजावण्यात आले. ते योग्यच आहे. परंतु माणूस पाठवता येईल का, या प्रश्नावर, "आजोबा, इथे जनावरं आणतात, माणसं घरपोच मिळत नाहीत," असे सांगून फोन ठेवण्यात आला.

७. मांजर रोज दवाखान्यात आणावे, हेही सुचवले गेले. आजारात ते आपणहून टोपलीत शिरले होते. आता औषध लागू पडत असल्याने शिरत नाही. त्याला टोपलीत घालण्यासाठीही कोणीतरी धरावे लागेल.

तरी विनंती की,

(अ) गोळ्या संपेपर्यंत आपला एक परिचर रोज संध्याकाळी पाठवावा.

(आ) ते शक्य नसल्यास, आपल्याकडे जनावर घेऊन येणाऱ्यांपैकी जे माझ्यासारखे एकटे राहतात त्यांना माझा पत्ता द्यावा. त्यांनी माझे मांजर धरावे, मी त्यांचे धरीन. कुत्राही धरीन. ओरखड्यांबद्दल माझी तक्रार राहणार नाही.

(इ) तेही न जमल्यास, पत्रकात 'घरात दुसरे कोणी नसल्यास' अशी एक सूचना वाढवावी. पुढचा मजकूर मीच लिहून पाठवणार होतो. इतरांच्या अर्धवट बातम्या पुऱ्या करण्यात माझी सारी नोकरीची वर्षे गेली. हे वाक्य मात्र पुरे करता आले नाही.

औषध ठरल्यापेक्षा एक दिवसही जास्त देऊ नये, याची मला जाणीव आहे. येणाऱ्या व्यक्तीला मात्र ती मर्यादा लागू करू नये. गोळ्या संपल्यावर ती सहज आली, तरी चालेल.

निर्णय लवकर व्हावा, इतकेच मागणे.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, तिसरा मजला, डावीकडचे दार
दि. १४ नोव्हेंबर

सोबत : केसपेपरची प्रत, सूचनापत्रक, रिफिली, न वापरलेल्या, दवाखान्याच्या उपयोगासाठी.

ता. क. : येणाऱ्याने बेल वाजवू नये. बेल वाजली की मांजर बहिणीच्या पलंगाखाली जाते. दार नुसते लोटलेले असेल. आत आल्याबरोबर लावून घ्यावे. मी टॉवेल घेऊन दाराजवळच बसलेला असेन.