घोड्याला सोंड

तालुका नेवासे,
४ जानेवारी १९७३

चि. सौ. बनूस,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहितो. विहिरीने तळ दाखवलाय. मी आणि तुझी लंकावहिनी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जातो. आमच्या चांगुणाच्या आणि तुझ्या गोरक्षनाथच्या लग्नाची तयारी चालू आहे, म्हणजे होती.

आता दादा संशय घेतो असं म्हणू नकोस. लग्नाआधी देव उजळायचे म्हणून देव्हाऱ्यातले पाच देव मी तुझ्याबरोबर नगरच्या सोनाराकडे पाठवले. चार बरोबर आले. पाचवा आपला खंडोबाचा घोडा, रुपयाएवढा चांदीचा चपटा टाक, ज्याला आई रोज हळदकुंकू वाहायची. तो गेला घोडा आणि आला हत्ती! तोही तांब्याचा. बने, घासून घोड्याला सोंड फुटते का गं?

तू म्हणतेस, "दादा, सोनारानं माझ्याम्होरं उजळले की." म्होरं म्हणजे किती म्होरं? मध्ये चहाला उठली होतीस का? परवा मी गुपचूप नगरला जाऊन त्या सोनाराला विचारून आलो. तोही तुझंच बोलतो, अगदी शब्दाला शब्द. दोघांचं इतकं जुळतं कसं, तेच मला कळत नाही.

तुमच्याकडे ओढाताण आहे, गोरक्षनाथला नागापूरच्या कारखान्यात अजून कायम केलेलं नाही, हेही माझ्या कानावर आहे. त्याचा याच्याशी काही संबंध आहे असं मी म्हणत नाही.

लंका म्हणते, "अवो, सख्ख्या बहिनीवर असा आळ घेत्यात व्हय?" ती भोळी आहे. माझं म्हणणं स्वच्छ आहे. घोडा घरी आल्याशिवाय चांगुणाला तुझ्या गोरक्षनाथच्या नावाची हळद लागणार नाही. कोपरगावच्या एका स्थळाला मी अजून नकार कळवलेला नाही.

मोठा भाऊ म्हणून लिहिलं,
सूर्यभान


२९ जानेवारी १९७३

चि. सौ. बनूस,

तुझी तब्येत बरी असेल. आमची शेळी व्याली, दोन करडं झाली. थंडी कमी आहे. तलावावर गर्दी वाढलीय.

गेल्या रविवारी तू चांदीचा घोडा घेऊन आलीस. दारातच म्हणालीस, "हा घे तुझा घोडा दादा, पन पोरांचं लगीन मोडू नको." पाणीसुद्धा न पिता गेलीस. मी लंकेला म्हणालो, बघ, निघाली की नाही चोर! तलावावर चार जणांनाही सांगितलं. खोटं कशाला बोलू, सांगताना मला बरं वाटलं होतं.

मंगळवारी तलाव खोदताना शेजारच्या श्रीमंतच्या कुदळीला गाडगं लागलं. आत मूठभर नाणी, मातीने माखलेली. शाळेच्या गुरुजींना बोलावलं. मामलेदार कचेरीत जमा करण्याआधी त्यांनी एक नाणं चिंचेने घासायला घेतलं. त्याआधी मी ते हातात घेऊन पाहिलं. घोडा! वाकलेली मान, चार पाय, अगदी आपला. मला वाटलं, बनीने इथे आणून पुरला की काय? बघ माझं डोकं कसं चालतं. मग गुरुजी घासत गेले, आणि मी मान समजत होतो ती सोंड निघाली.

गुरुजी म्हणाले, दोन हजार वर्षांपूर्वीचे राजे नाण्यांवर प्राणी उठवायचे, कुणी सिंह, कुणी बैल. हत्ती राजाच्या बळाची खूण, आणि जुने लोक त्याला पावसाचा ढगही मानायचे. सगळे आभाळाकडे बघून हसले. मला हसू आलं नाही. आपल्या घरातही तसलंच नाणं होतं. आई जन्मभर हत्तीलाच हळदकुंकू वाहत होती, आणि त्या किटणात सोंड बुजून त्याचा घोडा झाला होता.

मग तू आणलेला घोडा कुठला? घरी येऊन नीट पाहिला. कोरा करकरीत. हळदीचा एक डाग नाही. आणि आठवलं, तू तो पुढे केलास तेव्हा तुझी मनगटं मोकळी होती. आईचे चांदीचे गोठ कुठे, असं मी विचारलंही होतं. तू म्हणालीस, "सैल झाले, सोनाराकडं टाकल्यात." तेव्हाच मनात आलं होतं, ही काहीतरी लपवतेय. तेवढा एक संशय माझा खरा निघाला.

बने, चुकलो गं मी. फार चुकलो. तुझ्या तोंडावर चोर म्हटलं नाही, पण गावात म्हटलं, ते जास्त वाईट. आज जेवणाच्या सुट्टीत त्या चौघांपुढे उभा राहून सगळं सांगितलं. कोपरगावला नकार गेला. हत्ती देव्हाऱ्यात परत बसवला. घोडा श्रीमंतबरोबर पाठवतोय. त्याचे परत गोठ कर, आणि ते घालून हळदीला ये.

चांगुणा रोज विचारते, "आबा, आत्या येनार न्हवं?" तिला काय सांगू, तेवढं श्रीमंतजवळ कळव.

आईचे गोठ खाल्लेला तुझा दादा,
सूर्यभान