टेकडीवरच्या पिवळ्या खुणा

९ नोव्हेंबर

दात पडला. माझा नाही — मिशाळचा!

फाटकावर आज पुन्हा जुंपली. टेकडी कंपनीने विकत घेतली, वर बंगले आणि पोहण्याच्या तलावासकट क्लब बांधणार, ठीक आहे. पण टेकडीवरून पलीकडे तलावाकडे जाणारी वाट काय कंपनीच्या बापाची? आमची गल्ली माझ्या जन्माआधीपासून तिथून ये-जा करते. आता तिथे लोखंडी फाटक, आणि फाटकावर हा मिशाळ, रखवालदारांचा मुकादम. दादा नेहमीसारखा पुढे झाला. माझा थोरला भाऊ, केस पिकले पण आवाज कधी चढला नाही त्याचा. "अहो, जाऊ द्या, रोजचे चालणारे आहोत." मिशाळने छातीवर हात ठेवून त्याला असा ढकलला की दादा काट्यांत जाऊन पडला. मग मला काही दिसेना. हातात रंगाचा डबा होता, भरलेला. तोच हाणला थोबाडावर.

मिशीतून रक्त आणि पिवळा रंग ओघळत होता. आठवून आत्ताही हसू येतंय. लाज वाटायला हवी. नाही वाटत.

१० नोव्हेंबर

डब्याच्या पत्र्याने माझाही तळहात फाटला. टाके पडले. वहिनी म्हणाल्या, "बाईमाणसाने असं भांडायचं असतं का?" म्हटलं, मग कसं भांडायचं ते तुम्ही शिकवा!

१३ नोव्हेंबर

कुत्री सोडली त्यांनी! दूधवाल्याच्या पोटरीचा लचका तोडला. तो गल्लीत लंगडत आला तेव्हा चप्पल रक्ताने चिकचिकत होती. मग कोण घरात बसतंय? पहारी घेतल्या, फाटक उपटलं, रखवालदारांची चौकी पेटवली. काडी मी ओढली. एका रखवालदाराला आमच्या लोकांनी खाली पाडून तुडवला, मी अडवलं नाही. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं!

दादा जेवला नाही. "पेंटर," म्हणाला — मी दुकानांच्या पाट्या रंगवते म्हणून तो मला पेंटरच म्हणतो — "आपण फक्त चालत राहायचं गं. मला भीती वाटते." म्हटलं, त्यांची? "तुझी."

दरवर्षी वाटेवरच्या दगडांवर पिवळ्या खुणा मीच करते. सगळ्यांसाठी म्हणून, पण खरं तर त्याच्यासाठी. डोळ्यांत पडदा आलाय, पायाखालचं सगळं धूसर दिसतं त्याला. पिवळं तेवढं दिसतं. "तुझा ठिपका दिसला की मी बिनघोर पाय टाकतो," म्हणतो. आणि भीती म्हणे माझी!

१६ नोव्हेंबर

कोर्टात वाटेचा निकाल लागला! वाट खुली राहणार. जिथून आज जाते तिथूनच, हातभरही इकडेतिकडे नाही. वीस तारखेला मोजणीवाला येऊन पिवळ्या खुणांवरून खुंट्या ठोकेल. मग त्या पट्ट्यावर कुणी वीटसुद्धा ठेवायची नाही. तोवर टेकडीवर कुणी जायचं नाही. दादा लहान मुलासारखा रडला.

संध्याकाळी मिशाळ मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी आला. दात पडल्यामुळे बोलताना फसफसतो. "नाचा, नाचा. वाट मिळाली ना? आमच्या भिंतीला चिकटून चालाल. वरच्या बंगल्यांचं गटार तिथूनच काढणार आहोत. नाकाला फडकी बांधून चाला!" आणि दादाच्या पायाशी थुंकला. दादाने पाय मागे घेतला, बस्स. माझ्या कानशिलांत घण पडत होते.

खुणा माझ्या. ब्रश माझा. बघतेच.

१८ नोव्हेंबर

झालं काम! रखवालदार भरदुपारी जेवून आडवे होतात. मागच्या ओढ्यातून वर चढले. वरच्या अंगाच्या जुन्या खुणा मातकट रंगाने मारून टाकल्या, कुणाचा बाप ओळखणार नाही. नव्या खुणा काढल्या त्या थेट कंपनीच्या क्लबच्या आखलेल्या पायातून! म्हणजे क्लबच्या बरोब्बर पोटातून वाट. तिथून जुन्या दगडखाणीच्या वरून वळवून पुन्हा मूळ वाटेला आणून जोडली. आता बांधा क्लब! पोहा तलावात!

खाणीपाशी एक खूण जरा जास्तच कडेला गेली. दगडच तिथे होता, करणार काय? मोजणीवाला डोळस आहे, सांभाळून चालेल.

दादाला सांगितलं नाही. तो खोटं बोलायचा नाही, सगळ्यावर पाणी पडेल. मोजणीच्या आधी त्याचं वर जाणंही नाही. पाहुणा वाटेवर येणार असेल तर त्या पहाटे गल्लीतल्या एकाने पुढे जाऊन वाट झाडून ठेवायची, काटे-खडे काढायचे, ही आमची रीत. या वेळची पाळी माझी. मीच सोयीने सगळं करीन.

१९ नोव्हेंबर

हात सुजला. ओढ्यातली घाण टाक्यांत गेली असणार. ताप. वहिनींनी गोळी दिली. पहाटे उठायचंय.

२० नोव्हेंबर

लिहिता येत नाहीये नीट. तरी लिहिते.

गोळीने डोळाच उघडला नाही. गेले तेव्हा मोजणीवाला आणि सगळी गल्ली टेकडीच्या पायथ्याशी पोचली होती. वाट स्वच्छ झाडलेली. मोजणीवाला म्हणाला, "वा, छान ठेवलीय हो." मी म्हटलं, कुणीतरी माझी पाळी भरून काढली. देव भलं करो. खुंट्या ठोकत वर गेलो. क्लबच्या पायात खुंटी गेली तेव्हा मी टाळी वाजवली.

खाणीच्या कडेला झाडलेलं संपलं. पुढे नुसता पाचोळा. आणि तिथे झाडू पडलेला — लाल चिंधी बांधलेला, आमच्या घरातला.

तेवढ्यात खालून, खाणीच्या जुन्या गाडीवाटेने मिशाळ वर आला. खांद्यावर दादा. दादाचं डोकं लोंबत होतं, मिशाळचा सदरा रक्ताने भरलेला. आम्हाला बघून थांबला. दादाला खाली ठेवलं, हळूच — लोकांना दाखवायला! "अहो ताई, आधी ऐका," एवढं बोलला. ऐकायचं काय? जन्म गेला दादाचा त्या टेकडीवर, तो आपल्या पायाने पडेल? याच हलकटाने ढकलला, आणि आता कुठेतरी नेऊन टाकत होता!

मोजणीवाल्याच्या हातातला खुंट्या ठोकायचा हातोडा मी ओढून घेतला. पहिला घाव माझा. कानावर. मग सगळेच. दूधवाला लंगड्या पायाने लाथा घालत होता. मोजणीवाला ओरडत होता, "अहो मरेल, मरेल तो!" मला ते ऐकू येत होतं. मी आणखी मारलं.

दादा दवाखान्यात आहे. शुद्ध नाही.

२१ नोव्हेंबर

वहिनी सांगतात, "पहाटे उठून गेले. म्हणाले, तिचा हात दुखतोय, झोपू दे. मी झाडतो आज."

ढकललंच त्याने. ढकललंच.

२२ नोव्हेंबर

मिशाळ गेला.

पोलीस घरोघर फिरले. गल्लीतल्या एकानेही तोंड उघडलं नाही. मोजणीवाला म्हणाला, गर्दीत कोण कोण होतं, दिसलं नाही. हातोडा तलावात आहे. मिशाळच्या बायकोने दवाखान्याच्या पायरीवर डोकं आपटलं, तिला चौघींनी धरलं होतं. मी शेजारून दादाचा डबा घेऊन वर गेले. जे केलं ते योग्यच केलं. एक माणूस कमी झाला, एवढंच.

२४ नोव्हेंबर

दादा शुद्धीवर आला. पाणी प्यायला. माझा हात हातात घेतला, टाके पडलेला, आणि थांबत थांबत बोलला —

"पेंटर, त्या मिशाळला एकदा घरी बोलाव. मला त्याची माफी मागायचीय. पहाटे लांबून ओरडत पळत आला बिचारा, आजोबा तिकडे नको, तिकडे खाण आहे! मला वाटलं, नेहमीसारखा अडवतोय. पुढे तुझी खूण दिसली. मी त्याचं ऐकलं नाही. तुझ्या खुणेवर पाय टाकला."